अज्ञात वाहनाची धडक

चोपडा तालुक्यात मी अठरा वर्षे वार्ताहरकी केली. या काळात माझ्या बातम्यांत सर्वांत जास्त माणसे मारली ती अज्ञात वाहनाने. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर यावलकडे जा की शिरपूरकडे, कुठल्या तरी वळणावर दुचाकी आडवी, चपला विखुरलेल्या आणि माझ्या चार ओळी तयार: ‘अज्ञात वाहनाने दिलेल्या धडकेत दुचाकीस्वार जागीच ठार.’ पंचनामा चालू असताना मी तिथेच उभा असे. गुडघाभर खड्डा मलाही दिसे. पण खड्ड्याला नाव लावायला गेले की ते ठेकेदाराचे निघते, ठेकेदाराच्या मागे साहेबांचे निघते आणि साहेबांच्या वाढदिवसाचे अख्खे पान पुढच्या आठवड्यात ठरलेले असते. अज्ञात वाहन कधी जाहिरात देत नाही, म्हणून सगळे मुडदे त्याच्या नावावर.

तालुका वार्ताहराला पगार नसतो. त्याला ओळखपत्र मिळते, गाडीवर ‘प्रेस’ लिहायची मुभा मिळते आणि जाहिरातीवर टक्केवारी मिळते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, वर्धापनदिन, प्रत्येकाचे टार्गेट ठरलेले. ज्याच्याविरुद्ध लिहायचे, त्याच्याच ओसरीवर पावतीपुस्तक घेऊन बसायचे. मी बसलो, चहाही प्यायलो. ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’, ‘गोरगरिबांचे कैवारी’ ही माझी रोजची मजुरी. एकदा वेळ नव्हता म्हणून गेल्या वर्षीच्या गौरवलेखातले नाव बदलून तो विरोधी पक्षाच्या नेत्याला लावला. कोणाच्या लक्षात आले नाही, नेत्याच्याही नाही.

त्या पानाखाली शुभेच्छुकांची पन्नास-पन्नास नावे असत आणि एक जरी गळले तरी सकाळी सातला फोन वाजे. पान उलटले की मात्र नावांचा दुष्काळ: ‘काही समाजकंटक’, ‘संबंधित अधिकारी’, ‘एका बड्या नेत्याचा निकटवर्तीय’. आत पूर्ण नाव छापून येण्याचा मान आम्ही एकाच माणसाला दिला, तो सातपुड्यातल्या पावरा-बारेला पोराला. उमर्टीकडून आलेला गावठी कट्टा पकडला की पोराचे नाव, बापाचे नाव, वय, पाडा, वर फोटो. कट्टा चालला कोणासाठी होता? ‘पुढील तपास सुरू आहे.’ त्याच पोराचा बाप वनहक्काच्या दाव्याचा कागद घेऊन तहसीलसमोर दोन दिवस उन्हात बसला, तर बातमी होते: ‘विविध मागण्यांसाठी आदिवासींचे आंदोलन.’ मागण्या विविध, माणसे अज्ञात.

आमच्या बातम्यांचे व्याकरण एकदा तपासून पाहा. धरण रखडते, रस्ता खचतो, निधी परत जातो, दुचाकीस्वार ठार होतो. सगळी क्रियापदे अकर्मक. कोणी काही करत नाही, सारे आपोआप होते. तापीवरचा पाडळसरे प्रकल्प पाव शतकाहून जास्त काळ ‘रखडला’ आहे. तो रखडवला कोणी, हे छापायचे धाडस आम्ही केले नाही. उलट प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर ‘पाडळसरे लवकरच मार्गी लागणार’ असा मथळा मात्र न चुकता लावला. आश्वासन त्यांचे, मथळा आमचा. अमळनेर-चोपड्याच्या शेतकऱ्याने त्या मथळ्यावर किती वेळा मत दिले, याचा हिशोब कोणी मागितला नाही आणि मागितला असता तर आमच्याकडे तो नव्हताही.

हे खेडवळ चाळे आहेत, मोठ्या पत्रकारितेत असे नसते, असे पुणे-मुंबईच्या वाचकाने समजू नये. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत ‘अशोकपर्व’ नावाने तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती पानेच्या पाने छापून आली. तोच मजकूर, शब्दही न बदलता, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत बातमी म्हणून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो उघड केला. उमेदवार मुख्यमंत्र्यांच्या खर्चाच्या हिशोबात वृत्तपत्रांतील जाहिरातींपुढे रक्कम होती ५,३७९ रुपये. एवढ्यात आमच्याकडे सरपंचाचा वाढदिवसही होत नाही. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती रद्द केली, विषय संपला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर ७१ पानांचा अहवाल लिहिला, वृत्तपत्रांची नावे घेऊन. कौन्सिलने तो बाजूला ठेवून बिननावांचा छोटा अहवाल पुढे केला. मूळ अहवाल बाहेर यायला २०११ साली केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. जगाला आरसा दाखवणाऱ्यांच्या स्वतःच्या घरातही धडक देणारे वाहन अज्ञातच ठेवायचे होते.

माझे म्हणणे एवढेच आहे. बातमी म्हणजे नावानिशी केलेले विधान. कोणी केले, कोणी पाहिले, कोण लिहितो आहे, ही तीन नावे काढून घेतली की बातमी आणि अफवा यांत फक्त कागदाचा फरक उरतो. आणि कागद आता कोण वाचतो?

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आठवडे बाजार. सोलापूरकडून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुले पळवणारे ठरवले गेले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निनावी मेसेज आणि व्हिडिओ त्या दिवसांत घराघरांतल्या मोबाइलवर फिरत होते. आमच्या चोपड्याच्या ग्रुपवरही आले होते. माझ्याही मोबाइलवर आले. मी ते पुढे पाठवले नाहीत, पण खोटे आहेत असेही लिहिले नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे एक वाढदिवस होता.

राईनपाड्यात किती घरी वर्तमानपत्र येत होते, असे कोणी विचारील. तोच तर मुद्दा आहे. जंगलपट्टीत आम्ही गेलो ते आरोपीचा फोटो आणायला आणि होळीआधी भोंगऱ्या बाजाराचा रंगीत फोटो काढायला. ज्याचे ऐकावे असा एकही माणूस आम्ही तिथे उभा केला नाही. मग ‘हे खोटे आहे’ असे सांगितले कोणी असते आणि ऐकले कोणी असते? आमची रिकामी जागा मोबाइलने भरली. त्यानंतर व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली, भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली आणि अफवांपासून सावध राहा, अशा पानभर जाहिराती दिल्या. कुठे? वर्तमानपत्रांत. म्हणजे तिथेही आमचा धंदा झालाच.

नाव घेणारे पत्रकार नाहीत असे नाही. राजापुरात रिफायनरीच्या वादात नाव घेऊन बातमी छापणाऱ्या शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गाडीने चिरडले. तिथे वाहन अज्ञात नव्हते. ज्याच्यावर बातमी होती, त्याचीच ती गाडी, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या पाचोऱ्यात एका पत्रकाराला भर रस्त्यात मारहाण झाली. पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला होता. कायद्याने काठी अडत नाही. ती वाचक अडवतो, तो मागे उभा राहिला तर.

आणि वाचकहो, तुम्ही कुठे होता? पाच-सहा रुपयांत सोळा पाने तुम्हाला हवीत. तेवढ्यात छपाईचाही खर्च निघत नाही. उरलेले पैसे शुभेच्छुक भरतो, म्हणून पेपर त्याचा असतो, तुमच्याकडे फक्त रद्दी येते. अठरा वर्षांत बाजारपेठेत मला हजार वेळा एकच प्रश्न विचारला गेला: ‘मना फोटू उना का, भो?’ अमक्या बातमीत नाव का नव्हते, असे एकानेही विचारले नाही.

तापीपलीकडे अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढत. जाहिरात नव्हती, टार्गेट नव्हते. सकाळी लिहिलेले वाचणारा मुलगा दिवसभर समोर वावरत असे. खोटे लिहिले तर जेवणाच्या पंगतीत तोंड दाखवायची चोरी. माझे अक्षर त्यांच्यासारखे नव्हते, ही सबब चालणार नाही. मला पंगतीच टाळायची होती.

आता मी वार्ताहरकी सोडली आहे. माझ्या जागी एक हुशार पोरगा आला आहे, त्यालाही पगार नाही. परवा त्याची बातमी वाचली. तेच वळण, एक दुचाकीस्वार, चार ओळी. शब्दन् शब्द माझे होते.

खड्डाही तोच असावा.