नगरदर्शन

मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी. तिच्या दर्शनासाठी देशोदेशींचे प्रवासी येतात. दिवसा प्रेक्षणीय स्थळे आणि सायंकाळी बाजारहाट, असा बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. पाय दुखू लागतात, पिशव्या भरतात आणि ‘मुंबई पाहिली’ असे समाधान मानून मंडळी परततात. परंतु यास नगरदर्शन म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. डोळ्यांबरोबर मनही जागे असेल, तरच ते खरे दर्शन होय.

गेटवे ऑफ इंडियाचेच उदाहरण घ्या. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज १९११ साली या बंदरावर उतरला. त्या घटनेचे स्मारक म्हणून उभारलेली ही कमान १९२४ साली पुरी झाली. पुढे अवघ्या चोवीस वर्षांनी, १९४८ साली, ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून मायदेशी निघून गेली. साम्राज्याच्या वैभवासाठी बांधलेली वास्तू त्याच्या अस्ताची साक्षीदार ठरली! हे ज्यास ठाऊक नाही, त्यास तेथे नुसते दगड आणि कबुतरे दिसतात.

समोरच्या समुद्रात घारापुरीचे बेट आहे. तेथील लेण्यांतील भव्य त्रिमूर्ती घडविणाऱ्या शिल्पकारांनी आपली नावे मागे ठेवली नाहीत. मग अशा ठिकाणी भिंतीवर स्वतःचे नाव कोरणे कितपत शोभते?

बाजाराचेही तसेच. महात्मा जोतीराव फुले मंडई १८६९ साली बांधली गेली. तिच्या प्रवेशद्वारावर शेतकऱ्यांच्या जीवनाची शिल्पे आहेत. खरेदीच्या घाईत मान वर करून ती पाहणारे थोडेच! आपण विकत घेतो त्या प्रत्येक वस्तूमागे कोणाचे तरी श्रम असतात, हेच ती शिल्पे जणू सांगत असतात. मोठ्या दुकानात आपण छापील किंमत मुकाट्याने देतो आणि पदपथावरील विक्रेत्याशी मात्र दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. कोणी म्हणेल, घासाघीस ही बाजाराची रीतच आहे. असेल, परंतु रास्त भाव विचारणे निराळे आणि दुसऱ्याच्या गरजेचा फायदा घेणे निराळे.

तात्पर्य, पाहुण्याने नगरातून वस्तू अवश्य न्याव्यात. पण त्यांबरोबर थोडे ज्ञान न्यावे आणि मागे थोडा सद्भाव ठेवावा. पिशवीतील वस्तू आज ना उद्या जुन्या होतील. जाणतेपणाने पाहिलेले नगर मात्र जन्मभर सोबत करील.