काँक्रीट जळत नाही, पण ढासळते

जुन्नरच्या पेठांतून आणि मंचर-घोडेगावच्या बाजारांतून जुने लाकडी वाडे नाहीसे होत आहेत आणि त्यांच्या जागी खाली दुकाने व वर बिऱ्हाडे असलेल्या काँक्रीटच्या इमारती उभ्या राहत आहेत. काँक्रीट जळत नाही, म्हणून आगीचे भय संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिचा पूर्वार्ध खरा असला, तरी उत्तरार्ध घातक आहे.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागून वरचे मजले खाक झाले आणि पाच जणांचा बळी गेला. पण सांगाडा तगला व दुरुस्तीनंतर इमारत पुन्हा वापरात आली. उलट नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट विद्यापीठाच्या वास्तुविद्या विभागाच्या १३ मजली काँक्रीट इमारतीचा एक भाग १३ मे २००८ रोजी आग लागल्यापासून काही तासांतच कोसळला. काँक्रीट आगीत तगणे हे गृहीत धरता येत नाही, ते बांधणीवर अवलंबून असते, हाच याचा अर्थ.

काँक्रीटमध्ये पाणी कोंडलेले असते. १०० अंश सेल्सिअसपुढे त्याची वाफ होते आणि तिला वाट न मिळाल्यास ती पृष्ठभागाच्या कपच्या उडवते. सुमारे ४०० अंशांपुढे सिमेंटमधील चुन्याचे विघटन होऊ लागते. ५७३ अंशांवर गारगोटीची खडी एकाएकी फुगते; आपल्याकडील खडी काळ्या बसाल्टची असल्याने या एका संकटापासून आपण बरेचसे वाचतो. तथापि खरे मर्मस्थान सळई हेच होय. साडेपाचशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान तिचे निम्मे बळ जाते. ज्वाला आणि सळई यांच्यामध्ये काँक्रीटचे पातळ आवरण तेवढे असते. त्याच्या कपच्या उडाल्या, की सळई उघडी पडते.

म्हणजे प्रश्न अखेर काही मिलिमीटरांचा आहे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार, नुसत्या टेकलेल्या स्लॅबने आगीत एक तास तगावे यासाठी २० मिलिमीटर आवरण पुरते. दोन तासांसाठी ३५ लागते. हे १५ मिलिमीटर फार महाग नाहीत. परंतु ते गिलाव्याखाली दडतात आणि जे ग्राहकाला दिसत नाही, त्याला बाजारात किंमत येत नाही. बचत बांधणाऱ्याच्या पदरात आज पडते. जोखीम मात्र वर्षानुवर्षे राहणाऱ्याच्या माथी येते. जेथे बाजाराला दिसत नाही, तेथे शासनसंस्थेने पाहावे लागते.

राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर जबाबदारी टाकली आहे. दर जानेवारीत व जुलैत द्यावयाचे प्रमाणपत्र मात्र अग्निशमन यंत्रणेच्या सुस्थितीचे असते. सळईवरील आवरणाविषयी ते मौन पाळते.

आगीनंतरचा निष्काळजीपणा तितकाच गंभीर आहे. विघटित चुना थंड झाल्यावर हवेतील ओल शोषून फुगतो आणि भेगा वाढवतो. काँक्रीटचे गेलेले बळ सहसा परत येत नाही. त्यावर गिलावा करून दुकान उघडणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

यासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. स्लॅब ओतण्यापूर्वी नगरपरिषदेने वा ग्रामपंचायतीने सळईखालचे कव्हर ब्लॉक तपासावेत. आणि आग लागलेली इमारत अभियंत्याच्या तपासणीवाचून पुन्हा वापरात येऊ देऊ नये. आंबेगाव तालुक्यातच, अवसरी येथे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याचे साहाय्य घेता येईल. आयुष्याची पुंजी घरात घालणाऱ्या शिक्षकाने आणि कारकुनाने फरशीचा रंग विचारण्याआधी सळईवरचे आवरण किती, हे विचारावे.