पंपाच्या विजेवर बिटकॉइनचे पीक येत नाही



बारामती आणि इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात आम्ही बैठकीला गेलो की हल्ली एक गोष्ट हमखास घडते. बैठक उठते, म्हातारी माणसे चहाकडे वळतात आणि दोन-तीन पोरे मागे रेंगाळतात. कोणी डिप्लोमा झालेला, कोणी एमआयडीसीत कंत्राटावर राहून परत आलेला. मोबाइलवर एक चित्र दाखवतात आणि हळू आवाजात विचारतात, "साहेब, हे बिटकॉइन काढायचं मशीन विहिरीवर बसवलं तर? लाइट तर आपल्याला फुकटच आहे."

या पोरांना हसण्यात अर्थ नाही. बाप ज्वारी पेरतो. पाऊस पडला तर दाणे, नाही तर कडबा. खाली नीरा डाव्या कालव्यावर ऊस उभा आणि वर सुपे-मोरगावकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. पावसाची वाट न बघणारा, बाजार समितीत न जाणारा, अडत न कापणारा धंदा कोणाला नको आहे? तेव्हा हिशेब मांडू. कपाशीचा उत्पादन खर्च मांडायला आपण शिकलो, त्याच पद्धतीने.

आधी हे मशीन करते काय ते समजून घ्या. मायनिंग म्हटले तरी यात खणायचे काही नाही. जगभरची मशीने एक आकड्याचे कोडे रात्रंदिवस आंधळेपणाने सोडवत बसतात. दर दहा मिनिटांनी, सरासरीने, कोणा एकाचे जुळते आणि त्याला ठरलेली नाणी मिळतात. एप्रिल २०२४ पासून ही नाणी सव्वातीनला थोडी कमी, म्हणजे ३.१२५ आहेत, त्याआधी ६.२५ होती, आणि २०२८ च्या सुमारास पुन्हा निम्मी होतील. दिवसाला सगळ्या जगात मिळून साधारण ४५० नाणी. मशीने वाढली म्हणून नाणी वाढत नाहीत. साधारण दोन आठवड्यांनी कोडे आपोआप अवघड होते आणि वाटा कमी होतो. एखाद्या बाजारात रोज ४५० क्विंटलच माल निघणार, आणि तो ज्याने जितकी वीज जाळली त्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असा हा प्रकार आहे.

आमच्या पोरांनी घेतलेले जुने मशीन ३,२५० वॉट ओढते. सगळ्या जगाची ताकद २०२५ मध्ये अशा एक कोटी मशीनांइतकी झाली. एका नाण्याचा भाव एक लाख डॉलर धरू. हा चांगला भाव झाला; डिसेंबर २०२४ मध्ये तो पहिल्यांदा तिथे पोचला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरवर गेलेला भाव वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आला होता, हेही ध्यानात असू द्या. डॉलर ८५ रुपयांना धरला तर एक नाणे ८५ लाखांचे. रोजची ४५० नाणी म्हणजे ३८२ कोटी रुपये. एक कोटी मशीनांत वाटा. एका मशीनला दिवसाला ३८२ रुपये.

आता खर्च. सव्वातीन किलोवॉट चोवीस तास म्हणजे ७८ युनिट. साडेचार हॉर्सपॉवरची मोटर दिवसरात्र, बारा महिने चालवल्यासारखे. घरगुती वापर एवढा वाढला किंवा व्यापारी मीटर घेतले तर सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांच्या पुढेच जाते. आपण दहाच धरू. ७८० रुपये. मिळकत ३८२, बिल ७८०. मशीनची किंमत, तार, पंखे, इंटरनेट अजून धरलेले नाही. युनिट पाच रुपयांच्या आत पडले तरच नुसते बिल सुटते. आणि एकट्याने खेळायचे म्हटले, तर एका मशीनचा नंबर सरासरी १९० वर्षांतून एकदा लागेल. म्हणून सगळे पूल करून वाटून घेतात आणि पूलवाला आपले कमिशन कापतो. अडत चुकली असे ज्यांना वाटते त्यांनी हे लिहून ठेवावे.

कराची गंमत तर वेगळीच. एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला. मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा मिळणार नाही, हेही सरकारने त्याच वर्षी लोकसभेत स्पष्ट केले. म्हणजे तोट्यात चाललेल्या धंद्यालाही कर. नाणे मशीनने विहिरीवर काढले म्हणून ते शेती उत्पन्न ठरत नाही.

"पण साहेब, पंपाची वीज!" इथे खरा मुद्दा आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या मुळावर येणारा आहे.

शेतीची थ्री फेज लाइट आठ तास. कधी दिवसा, कधी रात्री. आठ तासांत तीन मशीनांची मिळकत मिळून तेवढीच, ३८२ रुपये. आमच्या ओळखीच्या एका वस्तीवरच्या दोघा भावांनी अशी तीन मशीने, एकेक दीड लाखाला, बापाच्या पाच हॉर्सपॉवरच्या कनेक्शनवर जुन्या कोंबड्यांच्या शेडमध्ये बसवली. वीज फुकट धरली तरी साडेचार लाख फिटायला तीन वर्षे, तोवर २०२८ उजाडणार. ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते; एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली मशीन आपणहून बंद पडते. मातीचा फुफाटा पंख्यात बसतो, व्होल्टेज उतरले की पुन्हा बंद. आवाजाने शेजारची वस्ती हैराण.

हे सगळे त्यांचे त्यांनी सोसले असते. पण तेरा हॉर्सपॉवरचा जादा बोजा त्या डीपीला झेपला नाही. डिसेंबरात डीपी जळाली. त्या डीपीवर अकरा पंप. ज्वारी फुलोऱ्यात. मालदांडीला एकच संरक्षित पाणी द्यायचे असेल तर ते पोटरी-फुलोऱ्यात द्या, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत; विहिरीत पाणी होते आणि ते उपसता आले नाही. नवी डीपी यायला नऊ दिवस गेले. चौघांच्या ज्वारीचा दाणा बारीक राहिला. पोरांनी चूक कबूल केली, पण भाऊबंदकीत पेटले ते अजून विझलेले नाही. खरे सांगायचे तर त्या वस्तीवर मशीन बसण्याआधी आम्ही गेलो होतो, आणि "बघा बाबा, जपून" यापलीकडे काही बोललो नव्हतो. हिशेब तेव्हाच मांडायला हवा होता.

कायदाही बघा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे, ज्या कामासाठी कनेक्शन दिले ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली तर त्या वर्गाच्या दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून ते ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी आली. शहरात आजही सांगणारे आहेत की शेतकरी फुकटची वीज उधळतो. विहिरीवर पाण्याऐवजी बिटकॉइन निघते असे एक छायाचित्र छापून आले की पुढच्या वेळी विजेच्या प्रश्नावर आपण कोणत्या तोंडाने मोर्चा काढणार? इराणात हेच झाले. तिथे सरकारी सवलतीची वीज स्वस्त, म्हणून बंद कारखान्यांत, शेडमध्ये मशीने लागली. २०२१ च्या उन्हाळ्यात शहरे अंधारात गेली आणि सरकारने चार महिने मायनिंगवर बंदी घातली. भूतानला हा धंदा जमतो, कारण पावसाळ्यात त्यांच्या नद्यांची वीज उरते आणि धंदा सरकारी कंपनी करते. आपल्याकडे उरते काय, तर भारनियमन.

मशीन न घेता नुसते पैसे गुंतवा, मायनिंग आम्ही करतो, असे सांगणारेही गावात येतील. अमित भारद्वाजच्या 'गेनबिटकॉइन'ने हेच सांगितले होते: दरमहा १० टक्के, १८ महिने. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली, जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये तपासाला मदत करणाऱ्या दोघा तज्ज्ञांनाच नाणी वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रकरण सीबीआयकडे गेले. इमू आठवतो ना? कडकनाथ आठवतो? पक्षी विकणाऱ्याचे पैसे झाले, अंडी घ्यायला कोणी आले नाही.

सौर पॅनेलवर चालवू म्हणाल, तर एका मशीनच्या ७८ युनिटला साधारण वीस किलोवॉटचे पॅनेल लागेल, दहा लाखांच्या आसपास, आणि रात्रीसाठी बॅटरी वेगळी. एवढे पॅनेल टाकण्याची ऐपत असेल तर त्या विजेवर पिठाची गिरणी, डाळ मिल, कडबाकुट्टी काहीही चालवा. व्यापारी दराचे बिल वाचते तीच कमाई. पडीक माळ असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, दरसाल तीन टक्के वाढ, असा दर सरकारने ठरवलेला आहे. जागा उपकेंद्राजवळ लागते, म्हणून सगळ्यांना मिळेल असे नाही; करार मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

ज्यांच्याकडे अशा मशीनचे किंवा गुंतवणुकीचे कोटेशन आले आहे त्यांनी ते जिल्हा बैठकीला घेऊन यावे. शेवटच्या वर्षाचे वीजबिलही आणा. सभा झाल्यावर आम्ही बसणार आहोत. ते दोघे भाऊही येणार आहेत, आपला अनुभव सांगायला आणि दोन मशीने भंगारात न घालता कोणी घेतो का ते बघायला. घेऊ नका.