लघुशंकेचे मोठे ओझे

फराळाच्या ताटाशेजारी वाचावयाच्या अंकात हा कसला विषय काढला, असे एखाद्या गृहिणीला वाटेल. परंतु पाहुणे येतात ते दिवाळीतच. दिवाणखान्यात ओळीने गाद्या पडतात, मामेभाऊ-आतेभाऊ खेटून झोपतात, आणि घरातला पंधरा वर्षांचा मुलगा मात्र “मी गॅलरीतच झोपणार” म्हणून हट्ट धरतो. गार वाऱ्याची आवड म्हणून नव्हे. सकाळी अंथरूण कोरडे असेल याची त्याला खात्री नसते म्हणून.

आपली मराठी मोठी सोज्वळ. तिने ‘लघुशंका’ हा शब्द काढला, शाळेतल्या पोरांनी ‘एकी’ काढली, आणि तेही जमले नाही तर करंगळी आहेच. पण पोर वयात आले की ती करंगळीही वर होत नाही, आणि शंका काही लघु राहत नाही.

बारावीच्या एका हुशार विद्यार्थ्याने परगावच्या कॉलेजात मिळत असलेला प्रवेश सोडला. “आई एकटी पडेल, सर,” एवढेच तो म्हणाला. आई भेटायला आली तेव्हा खरे कारण कळले. “सर, त्याला रात्रीचं अजून समजत नाही हो,” हे सांगताना तिने दोनदा दाराकडे पाहिले. घरातले उपाय ठरलेले : संध्याकाळनंतर पाणी बंद, मध्यरात्री गदागदा हलवून उठवणे आणि वडिलांचे “घोडा झालास तरी!” गंमत अशी, की खुद्द वडिलांचीही दहाव्या वर्षापर्यंत हीच कथा होती. (हे आजीकडून कळले. वडील अर्थातच विसरले होते.) दोघा पालकांपैकी एकाला हा त्रास झालेला असेल तर जवळजवळ निम्म्या मुलांना होतो, दोघांनाही असेल तर चारांतल्या तिघांना. तेव्हा रागवायचे कोणी कोणावर?

पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे १५ जणांना हा त्रास असतो. दरवर्षी त्यांतले थोडे थोडे आपोआप बरे होतात, तरी मोठेपणी शंभरांत एखाददुसरा राहतोच. म्हणजे हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात दहा तरी, आणि त्यांतल्या प्रत्येकाला वाटते की जगात आपण एकटेच!

हा आळस नव्हे. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक वाढते, ते काहींत पुरेसे वाढत नाही. काहींचे मूत्राशय लवकर आकुंचन पावते. आणि भरल्याचा इशारा झोपेला भेदून जात नाही. शिवाय कोठा साफ नसेल तर साचलेला मळ मूत्राशयावर दाबतो. आमच्या या विद्यार्थ्याचे निम्मे दुखणे तेच निघाले. दिवसभर घोटभर पाणी आणि क्लासहून आल्यावर तांब्याच्या तांब्या, हा क्रम डॉक्टरांनी आधी उलटा केला. मग गजराचे यंत्र आले. ओल लागताच ते वाजते. १९३८ साली माउरर दांपत्याने त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याला दोन-तीन महिने चिकाटी लागते. सहलीपुरती वा वसतिगृहापुरती डेस्मोप्रेसिनची गोळीही असते. मात्र ती डॉक्टरांच्याच सल्ल्याने, आणि घेण्याआधी तासभर व नंतर आठ तास पाण्यावर बंधन ठेवून, नाहीतर रक्तातले सोडियम धोकादायक उतरते. कित्येक महिने कोरडे असलेले मूल पुन्हा भिजवू लागले, जळजळ होऊ लागली, दिवसाही थेंब गळू लागले किंवा तहान फार वाढली, तर मात्र वाट पाहू नये. मधुमेहही असू शकतो.

मला पटलेली गोष्ट वेगळीच. डॉक्टरांनी आईला बाहेर बसवले आणि मुलाशी एकट्याने बोलले. पाणी किती, लघवी किती वेळा, याची वही त्यानेच ठेवायची, चादरही त्यानेच धुवायची. शिक्षा म्हणून नव्हे, आपले काम म्हणून. पुढच्या वर्षी तो वसतिगृहात गेला.

मुलींची तऱ्हा निराळी. रात्रीची भीती त्यांच्यात कमी जणींना असते. त्या दिवस ढकलतात. सकाळी सातला घरून निघालेली मुलगी दुपारी दोनला परत जाईपर्यंत पाणी पीत नाही, कारण कॉलेजातली मोरी पाहवत नाही. लघवी तुंबवून जंतुसंसर्गाला आमंत्रणच मिळते. चरकसंहितेत ‘न वेगान्धारणीय’ नावाचा अख्खा अध्याय आहे, आणि न अडवायच्या तेरा वेगांच्या यादीत पहिले नाव मूत्राचे! मुंबईत २०११ साली बायकांना ‘राइट टू पी’ अशी चळवळ काढावी लागली, ती उगाच नव्हे.

आमच्याकडे मुलींसाठीच्या चार दारांपैकी दोनांना कड्या नाहीत. मी अर्ज दिला. अर्जाच्या ‘विषय’ या रकान्यात काय लिहावे, यावर कार्यालयात बराच खल झाला. शेवटी ‘सुतारकाम’ असे लिहिले.