पडद्यावरची मोहर कोण मारणार?

आमच्या पारनेर तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारातल्या भाजीवाल्याला आपला इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी सरकारी निरीक्षकाकडून तपासून घ्यावा लागतो. मोहर नसेल तर दंड. ‘माझा काटा बरोबर आहे’ असं त्यानं स्वतः लिहून दिलेलं चालत नाही, आणि ते योग्यच आहे. आता खरेदीचा मोठा भाग मोबाइलवर गेलाय. तिथला काटा म्हणजे समोरचा पडदा. कोणतं बटण ठळक, कोणतं फिकट, कोणत्या चौकोनात आधीच टिक केलेली, यावर खिशातून किती पैसे जाणार ते ठरतं. हा काटा मात्र कंपन्यांनी आपला आपणच तपासायचा आहे.

नियम नाहीत असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात पडद्यावरच्या अशा फसव्या मांडणीचे 13 प्रकार नावानिशी दिलेत. खोटी घाई करणं, न मागितलेली वस्तू बिलात घुसवणं, किंमत थोडी थोडी उघड करणं, वर्गणी बंद करण्याची वाट लपवणं, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणं, हे सगळं त्या यादीत आहे.

आमच्या शेजारच्या खोलीत नांदेडकडचा एक मुलगा राहतो. सुपा एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहे. दिवाळीला गावी जायचं म्हणून एका ॲपवर बसचं तिकीट काढत होता. पहिल्या पानावरचं भाडं आणि पैसे भरायच्या पानावरची रक्कम यांचा मेळ बसेना, म्हणून माझ्याकडे आला. “काका, हे वरचे पैसे कशाचे?” बघितलं तर विमा होता, कसलीशी देणगी होती, वर सुविधा शुल्क. विमा आणि देणगीवर त्यानं टिक केलीच नव्हती. विमा काढून टाकायला गेलो, तर ‘घरच्यांची काळजी नसेल तर पुढे जा’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, तेही फिकट राखाडी अक्षरांत. एका तिकिटात यादीतले तीन प्रकार.

असं काही सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: नीट वाचायचं ना! मला या उत्तराचा राग येतो. मोठ्या कंपन्यांचे असे पडदे सहज म्हणून बनत नाहीत. काही ग्राहकांना एक मांडणी दाखवतात, काहींना दुसरी, आणि जिच्यातून जास्त लोक पैसे भरतात ती ठेवतात. एका बाजूला हजारो माणसांवर तपासून पक्की केलेली मांडणी. दुसऱ्या बाजूला रात्रपाळी करून आलेला, इंग्रजी अडखळत वाचणारा मुलगा. त्याला ‘नीट वाच’ म्हणणं म्हणजे फसवणाऱ्याला सोडून फसलेल्याला झापणं.

बाहेरच्या माणसानं तपासलं की काय निघतं, हे अमेरिकेत दिसलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं 2023 मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला. प्राइमची वर्गणी बंद करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्यायांतून जावं लागतं, असं आयोगाचं म्हणणं होतं. या वाटेला कंपनीच्या आत ‘इलियड’ म्हणत, हेही त्या दाव्यात होतं. सप्टेंबर 2025 मध्ये गैरकृत्य कबूल न करता कंपनीनं 250 कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले 150 कोटी ग्राहकांना परत द्यायचे होते. आतलं हे नाव कंपनीनं आपल्या स्वयंतपासणीच्या कागदावर लिहिलं असतं, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे जून 2025 मध्ये प्राधिकरणानं ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. नोव्हेंबरात 26 मोठ्या कंपन्यांनी ‘आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत’ असं लिहून दिलं. ते खरं असेलही. पण वजनकाट्यांचा कायदा आणि ग्राहक संरक्षणाचा कायदा, दोन्ही दिल्लीतल्या एकाच ग्राहक व्यवहार विभागाकडे आहेत. काट्याच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर न विसंबणारा विभाग इथे कंपनीच्या शब्दावर का विसंबतो? प्राधिकरण स्वतः पुढे झालं तेव्हा फरक पडला होता. ओला परताव्यासाठी फक्त कूपन देत होती. ऑक्टोबर 2024 मध्ये आदेश निघाला की पैसे बँक खात्यात घ्यायचे की कूपन, हे ग्राहकाला निवडू द्या.

आमचा पारनेर तालुका अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धीचा. केंद्राचा माहिती अधिकार कायदा 2005 चा. महाराष्ट्राचा त्याच्याही आधी आला, तो अण्णांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे. त्या तालुक्यात राहून एवढं तर मागायलाच हवं: कंपनीनं काय तपासलं, काय सापडलं, काय बदललं, याचा पूर्ण अहवाल सगळ्यांना वाचता यावा. आणि तपासणारा कंपनीच्या पगारावरचा नसावा.

भाषेचंही तसंच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दोन चांगल्या गोष्टी आहेत. संमती मागताना तो मजकूर आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा, म्हणजे मराठीतही. आणि दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं ठेवायचं. माहितीला लावलेली ही कसोटी पैशाला का नको? दोन क्लिकमध्ये सुरू झालेली वर्गणी दोन क्लिकमध्ये, मराठीत, बंद झाली पाहिजे.

तोवर हातात आहे ते वापरायचं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो तिथे तक्रार करण्याचा हक्क दिलाय. कंपनी बंगळुरूची असली तरी सुप्याचा माणूस नगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. फक्त पहिल्या पानापासून पैसे भरायच्या पानापर्यंत प्रत्येकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ॲपची मांडणी रातोरात बदलते, आणि मग आधी काय दिसत होतं ते दाखवायला दुसरं काही उरत नाही.