विश्लेषण : कृष्णधवल रोल पुन्हा घरोघरी का धुतले जात आहेत?

कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा फिल्म इतिहासजमा झाली असेच मानले गेले. मात्र २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा आणला आणि घरी धुतलेल्या रोलची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर दिसू लागली आहेत.

डार्करूम लागते का?

नाही. रोल टाकीत भरेपर्यंतच पूर्ण अंधार हवा. त्यासाठी हात घालता येणारी काळी पिशवी पुरते. पुढचे डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर हे सारे उजेडात. रंगीत फिल्मला सुमारे ३८ अंश तापमान काटेकोर सांभाळावे लागते, कृष्णधवलला साधारण २० अंश. पण मे महिन्यात मुंबईच्या नळाचे पाणी याहून कितीतरी गरम असते. मग बाहेरून बर्फ लावून रसायन थंड करणे आले. वेळ कमी करूनही भागते, पण पाच मिनिटांखाली गेल्यास फिल्म असमान धुतली जाण्याची भीती असते. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स बंद पडल्यापासून रोल आयातीचेच, त्यामुळे चूक महागात पडते.

खरा प्रश्न कोणता?

वापरलेल्या फिक्सरचा. फिल्मवरची चांदी त्यात उतरते. मोठ्या लॅब ती परत मिळवत. घरी ती मोरीतून थेट गटारात जाते आणि विरघळलेली चांदी जलचरांना घातक ठरते. कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वापासून केलेला डेव्हलपर ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून मिरवला जातो खरा, पण फिक्सर त्यालाही लागतोच. तो बाटलीत साठवून चांदी काढणाऱ्या लॅबकडे देणे, हाच त्यावरचा उपाय.