जुन्या सीटचे चामडे फेकू नका

जुन्या मोटारीची झिजलेली सीट दुकानात आली की आपले बरेचसे कारागीर बंधू चामडे उसवून रेक्झिन चढवतात. काम लवकर होते, पैसे रोख मिळतात. पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शेजारचा दुकानदारही तेच करतो. मग भाव पडणारच.

बहुतेक वेळा चामडे गेलेले नसते. झिजतो तो वरचा रंगाचा थर, आणि तोही आधी ड्रायव्हरच्या दाराकडील कडेला, जिथे चढता-उतरता अंग घासते. सौम्य साबण व मऊ ब्रशने मळ काढावा, बारीक पॉलिश पेपर फिरवावा, भेगांत फिलर भरावा. मग चामड्याच्या रंगाचे पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा, आणि शेवटी संरक्षक लेप. आरपार फाटले असेल तर शिवण उसवून तेवढाच तुकडा बदलावा. चामडे धारावीत मिळते. बुटाचे पॉलिश मात्र नको, ते गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर उतरते.

आता स्पष्टच लिहितो. रेक्झिन लावून चामड्याचे पैसे घेणे ही फसवणूक आहे. मालातील ऐब लपवणे शरीअतने मना केले आहे. उलटेही घडते: मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मॉडेलच्या कितीतरी गाड्यांत कंपनीनेच एमबी-टेक्स नावाचे कृत्रिम चामडे बसवले होते. मालक त्याला अस्सल समजून तसे पैसे मोजायला तयार असतो! अशा वेळी एक कोपरा उसवून मागची बाजू त्याला दाखवावी. चामड्याला तंतू दिसतात, रेक्झिनला कापड. मजुरी त्यानंतर ठरवावी आणि काय लावले ते पावतीवर लिहून द्यावे.